भाभीजींना बोलवा

झाशीतले आमचे मेकॅनिक गाडीत बसण्याआधी चप्पल बाहेर काढतात आणि गाडीलाही 'आप' म्हणतात. मध्यंतरी आमच्या गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा विझेना. दुसऱ्या गॅरेजात मशीन लावून तो दोनदा घालवला, दोनदा परत आला. तेव्हापासून बायको गाडीत बसायला तयार नव्हती.

या मेकॅनिकांनीही मशीन लावलं, आकडा वाचला आणि म्हणाले, "मशीन मोहल्ला बताती है, भाईसाब. घर हमें ढूँढना पड़ता है." मग तासभर गुणगुणत गाडीखाली पडून त्यांनी सायलेन्सरला घासून सोलवटलेली एक वायर शोधली आणि बदलली. दिवा विझला, तरी गाडी काही देईनात.

"पहले भाभीजी को बुलाइए. भरोसा तो उनका टूटा है."

ती आली. ते मागे बसले आणि मी लक्ष्मी तालापर्यंत चक्कर मारली. बायकोनं तलावाकडे पाहिलंही नाही. तिची नजर दिव्याच्या जागेवरच होती. दिवा लागला नाही. परतताना ती हळूच म्हणाली, "रविवारी एरचला जाऊ या का, बेतवा नदीवर?"

त्यांना मराठी येत नाही. तरी मागून आवाज आला, "अब ले जाइए."