फ्रेंच दफनभूमीचं फाटक

आकारोआच्या रस्त्यांच्या पाट्यांवर अजून ‘रू’ लिहिलेलं असतं. फ्रेंचमध्ये रू म्हणजे रस्ता. फ्रान्सहून जहाजानं आलेली कुटुंबं न्यूझीलंडच्या या गावात राहिली. त्यांच्या अक्रोडाच्या झाडांबद्दल लोक घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतात.

मी तिथे कॉलेजच्या इंटर्नशिपसाठी होते. पर्यटकांना गाव फिरवून दाखवायचं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. नापास झाले तर घरी ते कसं सांगायचं, हेही मला कळत नव्हतं. त्या दिवशी माझी परीक्षा होती. तपासायला आलेल्या बाई गटाच्या शेवटी चालत होत्या. त्यांचे पूर्वज त्याच जहाजातून आलेले. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, आमच्या माणसांबद्दल एकही गोष्ट मनानं सांगायची नाही. सांगितलीस तर पास करणार नाही.

टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीपर्यंत सगळं नीट झालं. फाटकातून बाहेर पडताना मी सवयीनं बाटलीतलं पाणी हातांवर घेतलं. आमच्याकडे स्मशानातून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय घरात येत नाहीत. मागे वळले, तर एक जोडपं ओंजळ पुढे करून उभं. त्यांच्यामागे आणखी तिघं. ही फ्रेंच प्रथा का, असं त्यातल्या नवऱ्यानं कौतुकानं विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. नाही म्हणावं, तर बाईंच्या पूर्वजांच्या दारात मी माझंच काहीतरी घुसवलं, हे उघड होणार. बाई माझ्याकडेच बघत होत्या.

“नाही,” मी म्हणाले. “ही आमच्या गावची. इथली नाही. माफ करा.”

मग गटातल्या एक आजी पुढे आल्या, माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतल्या.

“इथलीही आहे,” त्या म्हणाल्या. “जहाज यायच्या आधीपासून आम्ही धुतोय. ओत.”

मी घाईनं ओतलं, अर्धं पाणी त्यांच्या रबरी चपलांवर गेलं. त्या हसल्या, मग बाकीचेही. बाई हसल्या नाहीत. गट उतारावरून पुढे गेला तरी त्या फाटकाशीच थांबल्या, म्हणून मीही थांबले.

“हो म्हणाली असतीस तर नापास केलं असतं,” त्या म्हणाल्या. “रविवारचा गट तू एकटी ने.”

मी मान डोलावली. बाटलीत काही उरलंय का, असं त्यांनी विचारलं. तळाशी थोडंसं होतं. त्यांनी ओंजळ पुढे केली.