मागचा टायर

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खरंय ते. कोणाचं लग्न ठरतंय, कोण नोकरी सोडतंय — मला कळलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलेलं असतं. पण एक गोष्ट मात्र राहिली. बहिणीला नाही सांगितली, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच बहुधा.

गोष्ट टायरची आहे. हसू येईल तुम्हाला. मलाही यायचं.

आम्ही डोंबिवलीत, कोपरला राहतो. मी शाळेत शिकवते. श्रीकांत, माझा नवरा, ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात हिशेब बघतो. खाडीवरचा मोठागावचा पूल सुरू झाल्यापासून तो मोटरसायकलनेच जायचा — माणकोली, मग बाळकुम, मग ऑफिस. गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जुना बनियन घेऊन चेन पुसत बसायचा, वर गाणं गुणगुणायचा. मी म्हणायचे, सवत परवडली. पण चालवायचा मात्र सुरेख. इतकी वर्षं त्याच्या मागे बसले, कधी भीती वाटली नाही. त्याबद्दल मी त्याचे आभार कधी मानले का? नाही. नवऱ्याचे असले आभार कोण मानतं?

तर मागचा टायर झिजला. पुढचा चांगला होता. म्हणजे मागचा एकटाच बदलायचा — आणि तिथून आमच्या घरात महाभारत सुरू झालं. मागे वेगळ्या कंपनीचा टाकला तर चालेल का? पुढच्याची नक्षी एक, मागच्याची दुसरी, मग वळताना गाडी काय करेल? त्याने मेकॅनिकला विचारलं, ऑफिसातल्यांना विचारलं, मोबाइलवर व्हिडिओ बघितले, कल्याणला माझ्या भावाला फोन केला. भावाकडे तर स्कूटर आहे! जेवताना तोच विषय, झोपताना तोच. शेवटी ठरलं — जोडी मोडायची नाही. पुढच्या टायरच्या कंपनीनेच त्याच्या जोडीला म्हणून काढलेला मागचा टायर हवा. तो नेमका दुकानात नव्हता. दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर, म्हणून जाता-येता चौकशी करायचं काम माझ्याकडे आलं.

गाडी उभी राहिली. तो बसने जायचा, ट्रॅफिकमध्ये अडकायचा, घामाघूम होऊन यायचा आणि चपला काढायच्या आधी विचारायचा, "आला का?" मला पेपर तपासायचे असायचे. आईला डॉक्टरकडे न्यायला कल्याणला रिक्षाने एकटीलाच जावं लागायचं. मी वैतागले होते. हे कारण म्हणून सांगत नाहीये — तेव्हा मी कशी होते, तेवढं सांगतेय.

एका दुपारी दुकानदार म्हणाला, "ताई, तुमचा माल पुढच्या आठवड्यात नक्की येतोय. घाई असेल तर हा बटनवाला आहे बघा. साईज सेम."

बटनवाला म्हणजे जाड चौकोनी गोट्यांचा, मातीच्या रस्त्यावर चालणारा टायर. मी विचारलं, "हा चालेल ना?"

"चालतो की. लोक टाकतात. ओल्यावर जरा सांभाळून, बस."

मी म्हटलं, टाका. ओल्यावर सांभाळून — हे मी ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं. घरी सांगितलं मात्र नाही.

दुकानाचा माणूस येऊन चाक काढून घेऊन गेला आणि संध्याकाळच्या आत बसवूनही गेला. आता श्रीकांतला काय सांगायचं? जिना चढता चढता सुचलं. इतकं सहज सुचलं, की आता आठवलं तरी मला माझी भीती वाटते.

"तुझा तो टायर बंद झालाय म्हणे. कंपनीनेच काढायचा बंद केला."

तो चाकाजवळ उकिडवा बसला. गोट्यांवरून हात फिरवला. "बंद झाला? असा कसा? नीट विचारलंस ना तू?"

"अरे हो. दोनदा विचारलं."

"मग काय करणार," म्हणाला आणि उठला. टायरसाठी अर्ध्या डोंबिवलीला विचारत सुटलेला माणूस, पण मी सांगितल्यावर त्याने दुकानात साधा फोनसुद्धा केला नाही.

थोड्याच दिवसांत तो बाळकुमला पडला. सकाळची वेळ. रस्त्याचं काम चाललेलं, खड्ड्यावर लोखंडी प्लेट टाकलेली, आणि प्लेटवर टँकरचं पाणी सांडलेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, कोपर सोलवटलं. डोकं हेल्मेटमुळे वाचलं. मागून गाड्या येत होत्या — त्या थांबल्या. त्या चालवणारे कोण होते, मला माहीत नाही. त्यांच्यासाठी मी आजही हात जोडते.

आणि वनिताताई. रस्त्याला लागूनच त्यांचं घर. पूर्वी त्यांची तिथे भातशेती होती, आता टॉवर आहेत. ही बाई धावत आली, भर रस्त्यात फतकल मारून बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या दिराने घरची कार काढून त्याला हॉस्पिटलात नेलं. मी पोचले तेव्हा श्रीकांतचा चष्मा, पाकीट, घड्याळ, सगळं वनिताताईंच्या पदराच्या गाठीत होतं. मला आधी पाणी पाजलं, मग म्हणाल्या, "बरा हाय तो. घाबरू नको." तो तिथे होता तोवर त्यांच्याकडून डबा यायचा, तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण. आम्ही कोण त्यांचे?

इथवरची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. कौतुकाने सांगते. पुढची सांगत नाही.

वनिताताईंचे दीर मला बाहेर पॅसेजमध्ये भेटले. त्या सकाळी आपल्या मोटरसायकलवर ते श्रीकांतच्या मागेच होते. म्हणाले, "वयनी, दादांची काय चुकी नाय हां. हळूच चालवीत होते. मागचं चाक एकदम सरकलं ना. त्या टायरवर कोन पन पडला असता."

मी मान हलवली. आत गेले. आत श्रीकांत माझ्या भावाला सांगत होता, "माझाच अंदाज चुकला रे. ब्रेक जोरात दाबला असणार. हात पूर्वीसारखे राहिले नाहीत."

एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "आता गाडी नको हं, श्री." आणि मोसंबी सोलायला घेतली.

हाड जुळल्यावर त्याने गाडी विकली. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. फोन वाजला की छातीत धस्स होणं संपलं. देवाचे आभार मानले, बाळकुमच्या माणसांचे मानले, डॉक्टरांचे मानले — इतके आभार मानले, की त्या गडबडीत खरं बोलायचं राहूनच गेलं, असं मी स्वतःला समजावत आले. राहून कसलं गेलं? मी ते ठेवलं. तो चिडेल याची भीती नव्हती मला. तो "जाऊ दे" म्हणाला असता. पण त्यानंतर मी काही सांगितलं की त्याने एकदा तरी दुसऱ्या कोणाला विचारून बघितलं असतं. ते मला सोसणार नव्हतं.

उलट तोच येईल त्याला सांगतो, "हिने माझं केलं म्हणून उभा राहिलो." मी त्याला अंघोळ घातली, घास भरवले, हे खरं आहे. तो आहे, संध्याकाळी दार उघडून आत येतो, याबद्दल मी किती ऋणी आहे ते मला सांगता येत नाही. आणि तो माझे आभार मानतो तेव्हा मी ते घेते.

परवा आमच्या मुलीने, मनवाने, मोटरसायकल घेतली. बापाच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, तूच शिकव ना."

"नको गं," तो म्हणाला. "माझ्या हातांचा आता मलाच भरवसा नाही. क्लास लाव तू."

तिने क्लास लावला. खाली ती क्लासवाल्याबरोबर शिकत असते, हा वर गॅलरीत उभा राहून बघतो. मी चहा घेऊन गेले, तर त्याचा उजवा हात कठड्यावर होता आणि मनगट हळूहळू फिरत होतं, ती गाडीला जितकी रेस देत होती तितकंच. मला बघून त्याने हात खिशात घातला.

त्या हातांची काही चूक नव्हती. हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. त्याला नाही.