परत आवळायचे नट

ग्रीसचा वास आला की मला वडीगोद्रीचं ते टायरचं दुकान आठवतं. माझ्या जुन्या गाडीची चाकं बोल्टवर होती. चाक एका हातानं उचलून धरायचं, भोकं जुळवायची, मग बोल्ट घालायचा. वडिलांना ते पटेना. "रस्त्यात एकटी असलीस तं चाक कोन धरंल, माय? स्टड बसव, जागीच घट्ट राहनारे दांडे. चाक त्याच्यावर अडकवायचं, मंग निवांत नट आवळायचे." मिस्त्री म्हणाला, "काका, बोल्ट बी बराबर हायेत." वडिलांनी ऐकलं नाही. उन्हात उभं राहून चारी चाकांना स्टड बसवून घेतले. निघताना म्हणाले, "पन्नास किलोमीटर झाले की नट परत आवळावे लागतात. रविवारी ये, मी आवळून देतो." मी शहरातच आवळून घेतले आणि त्यांना कळवलंही नाही. त्या रविवारी ते दिवसभर पाना घेऊन ओट्यावर बसले होते, हे आईनं मला त्यांच्या तेराव्याला सांगितलं. परवा रस्त्यात तीच गाडी पंक्चर झाली. चाक एकटीनंच बदललं. पन्नास किलोमीटरनंतर वाटेतली सगळी गॅरेजं सोडून गाडी गावच्या ओट्यापुढे आणली आणि त्यांच्या पान्यानं एकेक नट आवळून पाहिला. एकही ढिला नव्हता. तेव्हाही नसणार, आणि त्यांना ते ठाऊक होतं.