पानमळा कशाने गेला

“थोरल्या सुनेने विटाळशी असताना मळ्यात पाऊल ठेवले, म्हणून त्यांचा पानमळा जळाला,” असे खालापुरात आजही छातीठोकपणे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकानेही तो मळा पाहिलेला नाही. मी पाहिला आहे, आणि ती सून माझी वहिनी होती.

काल तबकातल्या विड्याच्या पानांचा वास आला आणि ती सकाळ पुन्हा समोर उभी राहिली. नागवेलीची पाने मलूल होऊन लोंबत होती. बुंध्याशी राख टाकली, निंबोळीची पेंड घातली. काहीच लागू पडेना. आई वहिनीवर कडाडली, “खरं सांग गं, आत शिरली व्हतीस ना?”

“नाय वो आत्याबाय, कुपाच्या काट्यांजवळ बी गेली नाय मी.”

“मंग काय वेली आपसूक मेल्या?”

दादाने वहिनीचे बोचके बांधले. वहिनीला पळसदरीला माहेरी धाडले. ती परत आली नाही. वेली तहानल्या असतील, या समजुतीने मी मात्र आणखी पाणी सोडत राहिलो.

लोकांनी आपली कथा खुशाल सांगावी. वेली उपटल्या, तेव्हा प्रत्येकीचे मूळ साचलेल्या पाण्याने कुजून काळे पडले होते, आणि पाटाचे पाणी सोडण्याचे काम माझ्याखेरीज कोणाकडेही नव्हते.