ताईचा शिवणवर्ग फोनवर

माझी थोरली बहीण बिबवेवाडीत शिवणवर्ग चालवते. भावजी गेल्यावर सुरू केलेला हा वर्ग म्हणजे तिचे सणवार, मैत्रिणी, भांडणं, सगळं काही. लॉकडाऊनमध्ये तो बंद पडला आणि ताई दिवसभर खिडकीत बसू लागली. चहासुद्धा मागेना. मी हडपसरच्या एका आयटी कंपनीत ऑनलाइन धडे तयार करते. तेव्हा तिच्याकडेच राहून माझं काम चाललं होतं. मला काही ते बघवेना. म्हटलं, चल, वर्ग माझ्या फोनवरून घेऊ.

"फोनवरून? मग जेवायलाही फोनवरूनच वाढ मला," ताई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी बाईसाहेब ठेवणीतली साडी नेसून, पावडर लावून खुर्चीत हजर. तीही खिडकीकडे पाठ करून! फोनमध्ये नुसती काळी सावली दिसत होती. आणि तोंड उघडलं ते काय, "सर्व विद्यार्थिनींचे मी मनःपूर्वक स्वागत करते. आपण कृपया कापड हातात घ्यावे." अहो, ही तीच बाई, जी वर्गात "डोळे घरी विसरलीस का गं?" म्हणून ओरडते! तासभर तिने भाषण ठोकलं. मुली एकेक करून सटकल्या.

मग मी तिचीच शिकवणी घेतली. ऑफिसात सांगते तेच सांगितलं. उजेड तोंडावर येऊ दे. एका वेळी एकच गोष्ट दाखव, तीही थोडक्यात. मग त्यांना करू दे आणि तू गप्प बस. सगळ्यांशी बोलू नकोस, एकीशीच बोल.

"ती एक कुठून आणू?"

"मी आहे ना!"

पुढच्या वर्गाला मी सुई-दोरा घेऊन शेजारी बसले. मला आजवर धड बटण लावता आलेलं नाही. पहिल्याच टाक्याला ताई कडाडली, "अगं बाई, तुरपाई करत्येस की गोणपाट शिवत्येस? उसव ते!" फोनमधून कुणीतरी खुदकन हसलं. झालं, ताईला सूर सापडला. त्यानंतरच्या सगळ्या वर्गांत मी मुकाट शिव्या खाल्ल्या आणि खरं सांगते, मजा आली.

एक दुखणं मात्र राहिलंच. मुली कॅमेरा लावायच्या नाहीत. ताईसमोर नुसते काळे चौकोन. शेवटी ती म्हणाली, "भिंतीला किती दिवस शिकवू? त्यांचा टाका दिसत नाही, तर मी कसली बाई? येत्या रविवारी शेवटचा वर्ग."

मला त्या मुलींचा असा राग आला! फणकाऱ्यानेच एकीला फोन लावला. ती कसबा पेठेत एका खोलीत राहायची. म्हणाली, "अहो, कॅमेरा लावला की मागे सासरे झोपलेले दिसतात, दोरीवरचे कपडे दिसतात. सगळ्यांसमोर कसंतरीच वाटतं हो." माझा राग कुठल्या कुठे पळाला.

मी सगळ्यांना कळवलं, तोंड दाखवू नका, घर दाखवू नका. दोन उंच डब्यांवर फोन आडवा टाका आणि मागच्या कॅमेऱ्यातून फक्त हात दाखवा.

रविवारी माझ्या फोनवर सगळे हातच हात. मेंदी उतरत आलेले, पोळ्या करताना भाजलेले, कुणाच्या बोटाला अजून कणीक. ताई बघतच राहिली. मग एकदम सुरू झाली, "ही हडपसरची डावरी. ही नखं खाणारी, अजून खातेच आहे. आणि ही… अगं, सुई केवढी घट्ट धरतेस! बोटं सैल सोड, अशी!" म्हणत तिने वर्गातल्या सवयीने हात पुढे केला, त्या पोरीची बोटं धरून सरळ करायला. बोट नेमकं लाल बटणावर पडलं आणि वर्गच बंद झाला.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "घालवल्या गं मी सगळ्या," म्हणाली आणि रडायलाच लागली. "आता कशाला येतील परत?"

मी घाईघाईने वर्ग पुन्हा जोडत होते, तोच तिचा स्वतःचा फोन वाजला. तीच घट्ट सुई धरणारी.

"ताई, गेलात कुठे? आम्ही सगळ्या सुया धरून बसलोय."