तन्वीला चालेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवता येतं असं वाटत असेल, तर तुम्ही तिला ओळखत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या कॉलनीतले नाही.

आधी मी कोण, ते ऐका. बढाई वाटेल, वाटू दे. ओझरला विमानाच्या कारखान्यात मी उभा जन्म इन्स्पेक्शनला काढला. माझा शिक्का पडला की पार्ट पुढे जायचा. नाही पडला तर साहेबाचा बाप आला तरी जायचा नाही. बाहेर कुठे कुठे डब्यातले चार नग बघतात आणि अख्खा डबा पास करतात. आम्ही एकेक नग हातात घेऊन बघायचो. डबे पास करणाऱ्यांना मी हसायचो. खूप हसायचो.

रिटायर झालो, शिक्का गेला. पण खोड जाते का? आडगाव नाक्याजवळच्या आमच्या कॉलनीत हळूहळू रिवाजच पडला — पोरांचा नवा पिक्चर आला की पहिल्या दिवशी सकाळचा शो मी एकटा बघायचा आणि संध्याकाळी कट्ट्यावर निकाल द्यायचा. कुठल्या पोरांना न्यायचं, कुठल्या नाही. सेन्सॉरवाले ‘यूए’ म्हणतात आणि मोकळे होतात. त्यांना आमची पोरं थोडीच माहीत? मला माहीत होती. कुणाला रक्त बघवत नाही, कोण पिक्चरमधलं कुत्रं मेलं तरी जेवत नाही. माझी कसोटी साधी होती. मारामारीचं काही नसतं हो. घरी येताना पोरगं बडबडत, ढिशूम-ढिशूम करत आलं, तर पिक्चर बरा. गप्प आलं, तर काहीतरी बिघडलं. काकांनी पास केला का, असं बायका एकमेकींना विचारायच्या. मला ते ऐकायला आवडायचं. का नाही आवडणार?

मग तो सुपरहिरोचा पिक्चर आला. इंग्रजीतला, हिंदीत केलेला, पोस्टर सगळं काळंकुट्ट. पोरं नुसती उड्या मारत होती. आमच्या शेजारच्या शुभांगीची लेक तन्वी तेव्हा दुसरीत होती. शुभांगीने मला मुद्दाम जिन्यात गाठलं. म्हणाली, "काका, तन्वी लाइट बंद करून झोपत नाही. तिच्यासाठी म्हणून नीट बघा. तुम्ही सांगाल तसं करते."

गेलो. आधी बरा चालला होता. मग हिरोचं लहानपण दाखवलं. त्याला कुणीतरी पाण्याच्या टाकीत कोंडतं. वर झाकण. पाणी चढत जातं. पडद्यावर सगळा अंधार, आणि त्या पोराचा श्वास — नुसता श्वास.

कसं सांगू? मी घाबरलो. मी! मध्यंतरापर्यंतही थांबलो नाही. लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर आलो, कॉलेज रोडवर उसाचा रस प्यालो आणि घर गाठलं.

संध्याकाळी कट्ट्यावर सगळे वाट बघत होते. भीती वाटली म्हणून अर्ध्यातून उठलो — एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्याने भागलं असतं. पण ते तोंडातून निघेल तर ना! मी म्हणालो, बिनधास्त न्या. शुभांगीने परत विचारलं, तन्वीला? तेव्हा तरी खरं बोलावं की नाही माणसाने?

"तन्वीला चालेल," मी म्हणालो. "घाबरण्यासारखं काही नाही त्यात."

चार नग बघून डबा पास. आणि तेही ते चार नग खराब निघालेले असताना.

रविवारी पोरं जाऊन आली. बाकीची बडबडत आली, तन्वी गप्प. मग ती बाथरूमचं दार लावेना. अंथरूण ओलं करायला लागली. सासूने शुभांगीला धारेवर धरलं, पोरीला असले पिक्चर दाखवतेस म्हणून. शुभांगीने माझं नाव सांगितलं. काय चुकलं तिचं? कट्ट्यावर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. तेव्हा मी तन्वीला जवळ बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, मी पण तोच पिक्चर पाहिला की, मला कुठे काय झालं? भित्री आहेस तू.

लोक हसले. तीही हसली, कारण काकांचं चुकत नाही हे तिलाही माहीत होतं. नाव चिकटलं — भित्री तन्वी. शाळेच्या रिक्षात तेच, गणपतीच्या नाटकातही तेच. माझ्या एका शब्दाने ते थांबलं असतं. तो शब्द मी काढला नाही. वर पोरीने धीट व्हायला हवं, असं शुभांगीला सांगत राहिलो.

आता तन्वी कॉलेजात आहे. माझे डोळे अधू झाले, तेव्हापासून कॉलनीतल्या पोरांसाठी पिक्चर तीच बघते, निकालही तीच देते. आणि काय देते हो! परवा एका आईला तिने तोंडावर सांगितलं, थोरल्याला न्या, धाकट्याला नको, आणि मध्येच उठावंसं वाटलं तर उठा, त्यात लाज कसली. मी गॅलरीतून ऐकत होतो. माझी छाती अशी फुगली म्हणता! माझ्यापेक्षा चोख काम आहे पोरीचं.

नंतर ती वर आली, चहा प्यायला बसली. मी विचारलं, कुठलाही पिक्चर असो, शेवटची नावं संपेपर्यंत बसतेस म्हणे, ते का?

"तुमच्यामुळेच की," ती म्हणाली. "तो टाकीचा पिक्चर आठवतो? मला उठून पळायचं होतं. पण तुम्ही पूर्ण बघून सांगितलं होतं ना, घाबरण्यासारखं काही नाही. म्हणून डोळे उघडे ठेवून शेवटपर्यंत बसले. शेवटी परत ती टाकी दाखवतात आणि तो स्वतःच झाकण फोडून बाहेर येतो, आठवतं ना काका?"

आठवतं की, असं मी म्हणालो.

तो स्वतःच बाहेर येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.