अम्माच्या भिंतीवरच्या ताटल्या

कुठलंही भांडं हातात आलं की चाची ते कानाजवळ धरायची आणि नखाने टिचकी मारायची. टण् वाजलं की म्हणायची, "जिवंत आहे गो." आमच्या स्टीलच्या डब्यालाही तिने टिचकी मारली होती. मी हसले तर म्हणाली, "हसतेस काय? सवय ती सवय."

नव्वदच्या दशकात आम्ही ओमानमध्ये सीबला, जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या मागे एका घरात भाड्याने राहायचो. तळाला घरमालकीण, एक म्हातारी ओमानी बाई. तिला सगळे अम्मा म्हणायचे. मधल्या मजल्यावर रत्नागिरीकडची ही चाची. तिच्या नवऱ्याचं सूकमध्ये शिवणकामाचं दुकान होतं. वर आम्ही, चिपळूणचे. चाची रोज दुपारी अम्माकडे जाऊन बसायची. एकीचं हिंदी मोडकं, दुसरीचं अरबी त्याहून मोडकं, पण दोघींचं हसणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

अम्माच्या बैठकीत भिंतीला कोनाडे होते आणि प्रत्येक कोनाड्यात एक खोलगट ताटली. पांढऱ्यावर निळी फुलं, निळे पक्षी. सासऱ्यांच्या वडिलांनी जांजिबारहून गलबतातून आणलेल्या. चिनी मातीच्या नव्हेत. कड उडाली होती तिथे आतली तांबडी माती दिसायची. "मातीला कल्हई केलीय बघ," चाची म्हणायची. मला ती थट्टा वाटायची. पुढे कळलं, त्या पांढऱ्या लेपात खरंच कथील असतं.

कधीमधी अम्मा कोनाड्यातली एक ताटली काढून त्यातून चाचीला हलवा पाठवायची. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली कोकणातली रीत. मग ताटली खाली जाताना खापरोळ्या घेऊन जायची.

एकदा चाचीने खापरोळ्यांऐवजी बांगड्याचं गरम कालवण ओतलं. तेवढ्यात पाहुणे टपकले. संध्याकाळी आठवण झाली तोवर हळद ताटलीच्या बारीक भेगांत उतरली होती. पांढऱ्यावर पिवळं जाळं! लिंबू झालं, सोडा झाला, काही उपयोग नाही.

"हळद उन्हाला भिते," म्हणत तिने ताटली गच्चीवर ठेवली. ओमानचं ऊन ते! डाग फिका झाला, पण गेला नाही. रोज मला हाक यायची, "बघ गो, कमी झालाय ना?"

"झालाय की."

"तुझं मेलीचं काही खरं नाय."

तिने खाली जाणंच बंद केलं. मी म्हटलं, "चाची, सांगून टाका ना एकदाचं." तर डोळ्यांत पाणी. "कुठल्या तोंडाने सांगू? तीन पिढ्यांची वस्तू, एका कालवणात नासवली मी."

एक दिवस अम्माने मला जिन्यात गाठलं. "ऊपरवाली क्यों नहीं आती? गुस्सा है?" मी आपली बोलून गेले, "नहीं अम्मा, तबियत ठीक नहीं." झालं! संध्याकाळी आजाऱ्यासाठी खजूर आणि लिंबं आली, दुसऱ्या निळ्या ताटलीतून. चाचीने दार अर्धंच उघडून अम्माच्या सुनेच्या हातून ती घेतली आणि मग माझ्याकडे येऊन कपाळावर हात मारला. पहिली दिल्याशिवाय दुसरी देता येईना. पुढच्या महिन्यात तिसरी आली. "तुझ्या जिभेला काही हाड!" चाची म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. पण मनात अपराधी वाटायचंच. खाली म्हातारी काळजी करतेय आणि वर हिला काही झालेलं नाही.

उन्हाळ्यात अम्माला दवाखान्यात नेलं. ती परत आलीच नाही.

आम्ही दोघी भेटायला गेलो. चाचीच्या हातात टॉवेलात गुंडाळलेल्या तिन्ही ताटल्या होत्या. भिंतीत तीन कोनाडे रिकामे होते. मान खाली घालून तिने सुनेला सगळं सांगितलं, हळदीपासून उन्हापर्यंत. सून उठली. स्वयंपाकघरातून तसल्याच निळ्या ताटल्यांची चळत घेऊन आली. एकूणएक पिवळ्या पडलेल्या.

"जो पीली हो गई, उसमें अम्मा खुद खाती थी," ती म्हणाली. "दीवार पे तो बस जो बच गई, वो है."

"फिर ये दो ऊपर क्यों भेजी?" मी विचारलं.

"अम्मा बोलती थी, एक और भेजो. कभी तो लौटाने आएगी."

चाची तिथेच खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. "ती वाट बघत होती गो, आणि मी गच्चीवर डाग बघत बसले."

दोन ताटल्या कोनाड्यांत गेल्या. डागाची सुनेने चाचीलाच दिली. चाची तिच्यातच जेवायची, कालवणसुद्धा. तिला मात्र कधी टिचकी मारायची नाही.

तेव्हापासून माझ्याकडून काही गेलं की चाची तासाभरात भांडं घेऊन वर हजर. न घासता, रिकामं. "घे, खरकटंच आणलंय. सरक, बसू दे जरा."

दोन हजारनंतर कधीतरी तिच्या नवऱ्याने दुकान बंद केलं आणि ती दोघं कायमची गावी जायला निघाली. खाली टॅक्सी उभी. चाची धापा टाकत वर आली, हातात माझा आदल्या रात्रीचा आमटीचा डबा.

"अहो चाची, आज तरी कशाला? राहिला असता तुमच्याकडे."

"घासत बसले असते तर भेट राहिली असती," ती म्हणाली, आणि टॅक्सीवाला हॉर्न वाजवत असताना माझ्याजवळ दोन मिनिटं टेकली.

डबा ओट्यावर तसाच होता. संध्याकाळपर्यंत मला तो घासवेना.